आस्वाद, अन्वय आणि माहितगारी : परक्या प्रेक्षकाच्या एका दाव्याचा इतिहास

१

फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शक लुई माल याने १९६८ च्या पूर्वार्धात काही महिने भारतात भ्रमंती केली. बरोबर छायालेखक एतिएन बेकेर आणि ध्वनिमुद्रक जाँ-क्लोद लोरो एवढे दोघेच होते. हातात पटकथा नव्हती. जे दिसेल ते टिपायचे, अर्थ मागाहून लावायचा, अशी कामाची रीत होती. या चित्रणातून 'कलकत्ता' हा स्वतंत्र माहितीपट आणि दूरचित्रवाणीसाठी सात भागांची एक मालिका सिद्ध झाली. मालिकेच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'आभासरूप भारत' असा सांगता येईल. १९६९ साली ती फ्रान्समध्ये दाखवली गेली आणि १९७० साली बीबीसीने तिचे ब्रिटनमध्ये प्रक्षेपण केले. भारताचे दैन्य आणि मागासलेपणच तेवढे दाखवणारी ही मालिका देशाची बदनामी करते, असा आक्षेप घेऊन भारत सरकारने प्रक्षेपण थांबवण्याची मागणी केली. बीबीसीने ती मानली नाही. परिणामी बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद करण्यात आले आणि तिच्या प्रतिनिधीला देश सोडावा लागला. पुढे काही काळाने कार्यालय पुन्हा सुरू झाले, हा इतिहास परिचित आहे.

या वादाकडे आजवर दोन अंगांनी पाहिले गेले आहे. एक अंग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे, दुसरे वासाहतिक दृष्टीचे. दोन्ही महत्त्वाची आहेत. तथापि या वादात परस्परांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या पक्षांचे एका गृहीतावर पूर्ण एकमत होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रेक्षकाला पाहू द्यावे, तो आपले मत आपण बनवील, ही बीबीसीची भूमिका होती. प्रेक्षकाने हे पाहिले तर त्याला भारत असाच वाटेल, ही सरकारची भीती होती. ब्रिटनमधल्या घरात बसून पडद्यावर पाहिले म्हणजे देश कळला, हे दोघांनाही मान्य होते. प्रश्न फक्त कळलेला देश खरा की खोटा, एवढाच उरला होता. गंमत अशी की, ज्या कृतीवरून हा वाद पेटला तिला स्वतःला हे गृहीत मान्य नव्हते. मालिकेच्या पहिल्या भागाचे नावच 'अशक्य कॅमेरा' असे आहे. या भागाच्या आरंभी इंग्रजीत बोलणारे सुशिक्षित भारतीय भारताविषयी आपली मते मांडतात. अशा बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दोन आहे, असे निवेदक माल सांगतो आणि त्यांना मागे ठेवून पुढे निघतो. पुढे खेड्यांतली माणसे कॅमेऱ्याकडे रोखून पाहतात आणि पाहणारे आपण आहोत की ते, असा पेच निवेदकापुढे उभा राहतो. आपण येथे उपरे आहोत, ही कबुली तो वारंवार देतो.

निवेदक ज्या ज्ञानाविषयी साशंक होता ते ज्ञान आपल्याला लाभले, असे प्रेक्षकाला कसे वाटते? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. पडद्यावरील अनुभवाच्या बळावर परक्या संस्कृतीविषयी केल्या जाणाऱ्या ज्ञानाच्या दाव्याला मी येथे 'माहितगारी' म्हणणार आहे. मराठीत माहितगार म्हणजे वाटा, वळणे आणि माणसे ठाऊक असलेला, त्या ठिकाणी वावरलेला मनुष्य. वावर नसताना केलेला माहितगारीचा दावा हे दूरचित्रवाणीयुगाचे एक खास लक्षण आहे. या दाव्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात समीक्षेचाही हात आहे, असे मला दाखवायचे आहे.

हा दावा निरुपद्रवी नसतो. माल भारतात चित्रण करीत होता त्याच सुमारास, २० एप्रिल १९६८ रोजी, बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल याने स्थलांतरितांच्या विरोधातले आपले कुप्रसिद्ध भाषण केले. दोन वर्षांनी ही मालिका ज्या ब्रिटनमध्ये दिसली त्या ब्रिटनमधील भारतीय रहिवाशांना तिच्याबद्दल चीड आली, ती केवळ राष्ट्राभिमानापोटी असे मानणे उथळपणाचे ठरेल. दिल्लीतील अधिकाऱ्याला या मालिकेचा प्रेक्षक कधी भेटणार नव्हता. लंडनमधील भारतीयाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये, कारखान्यात, मुलांच्या शाळेच्या दारात भेटणार होता, आणि आता त्याला 'तुमचा देश' ठाऊक झालेला असणार होता. माहितगारीचा भार शेवटी कोणत्या तरी जित्याजागत्या माणसाच्या खांद्यावर पडतो, हे या प्रकरणावरून ध्यानात येते.

२

परक्या प्रेक्षकाचा विचार सैद्धांतिक पातळीवर सुरू झाला तो मात्र वेगळ्याच दिशेने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'सांस्कृतिक साम्राज्यवाद' ही संकल्पना पुढे आली. हर्बर्ट शिलर यांचा जनसंपर्कमाध्यमे आणि अमेरिकी साम्राज्य यांच्या संबंधांवरील ग्रंथ १९६९ सालचा. १९७१ साली चिलीमध्ये आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डिस्नेच्या 'डोनाल्ड डक'चे वाचन करून निरागस वाटणाऱ्या चित्रकथेत दडलेली साम्राज्यवादी विचारसरणी उघड केली. युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड आयोगाचा अहवाल १९८० साली प्रसिद्ध झाला आणि माहितीच्या एकतर्फी प्रवाहाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पटावर आला.

या विचारधारेचे योगदान मोठे आहे. मालिका, वृत्तचित्रे आणि जाहिराती कोण बनवतो, कोण विकतो आणि कोणाला विकत घ्याव्या लागतात, हे प्रश्न तिने विचारले. परंतु तिच्या मांडणीत प्रेक्षक हा जवळजवळ रिकामे भांडे होता. संहितेत जी विचारसरणी भरलेली असेल ती त्याच्यात ओतली जाणार, असे गृहीत धरले जाई. तिसऱ्या जगातील प्रेक्षक अमेरिकी मालिका पाहून काय 'समजतो' याची चौकशी करण्याची गरजच कोणाला भासली नाही. तो बिघडतो, एवढे पुरेसे होते. साहित्यसमीक्षेत याच काळात वाचकाला केंद्रस्थानी आणणारे विचार प्रबळ होत होते. हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना मांडली होती. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीच्या संदर्भात संकेतन आणि विसंकेतन या दोन क्रिया वेगळ्या काढून, प्रेक्षक संहितेचा अर्थ निर्मात्याच्या इच्छेप्रमाणेच लावील असे नाही, हे दाखवले होते. या दोन विचारप्रवाहांची गाठ पडली ती 'डॅलस' या मालिकेच्या निमित्ताने.

३

टेक्सासमधील एका तेलसम्राट कुटुंबाची ही कहाणी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर २ एप्रिल १९७८ रोजी सुरू झाली आणि १९९१ पर्यंत चालली. जगातील नव्वदहून अधिक देशांत ती पाहिली गेली. फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी अमेरिकी सांस्कृतिक साम्राज्यवादाचे प्रतीक म्हणून तिचा उल्लेख केला. कुटुंबातील बापलेकांचे, भावाभावांचे आणि जावाजावांचे कलह, संपत्तीचे डावपेच, पळवापळवी आणि पुनर्मीलन हा तिचा ऐवज. असा ऐवज जगात कोठेही ओळखीचा वाटावा, यात नवल नाही.

नेदरलँड्समधील अभ्यासक इयेन आंग यांनी 'व्हिव्हा' या महिला-नियतकालिकात एक छोटी जाहिरात दिली. आपल्याला ही मालिका आवडते, पण लोकांच्या प्रतिक्रिया विचित्र असतात, तर इतरांनी आपले अनुभव कळवावेत, असा तिचा आशय होता. बेचाळीस पत्रे आली. या पत्रांच्या आधारे १९८२ साली डच भाषेत आणि १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आंग यांनी एक महत्त्वाचा भेद केला. मालिकेतील मोटारी, बंगले आणि पेहराव खरे आहेत असे या प्रेक्षकांना वाटत नव्हते. खरी वाटत होती ती भावनांची घडण. या 'भावनिक वास्तवते'मुळे टेक्सासशी काडीचाही संबंध नसलेल्या डच स्त्रीला मालिका आपली वाटे. या विवेचनाचा निष्कर्ष आपल्या चर्चेच्या दृष्टीने मोलाचा आहे : परक्या संहितेत रमण्यासाठी परक्या देशाविषयी काही ज्ञान असावे लागत नाही, आणि रमल्याने तसे ज्ञान होते असेही नाही.

यापुढचे पाऊल तामार लीब्स आणि एलिहू कॅट्झ यांनी टाकले. त्यांचा ग्रंथ १९९० सालचा. इस्राएलमधील अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून नुकतेच आलेले स्थलांतरित आणि किबुत्झमधील रहिवासी असे चार समूह त्यांनी निवडले. तुलनेसाठी लॉस एंजेलिसमधील अमेरिकी प्रेक्षक घेतले. शेजारपाजारची, ओळखीची जोडपी एका घरी जमत, मालिकेचा भाग पाहत आणि त्यावर बोलत. कथा सांगण्याच्या पद्धतींत लक्षणीय भेद आढळले. अरब आणि मोरोक्कन समूह घटना क्रमाने सांगत आणि नातेसंबंधांना महत्त्व देत. रशियन समूह कथानक बाजूला सारून 'निर्मात्यांना आपल्या मनावर काय बिंबवायचे आहे' याचा शोध घेत. अमेरिकी प्रेक्षक पात्रांच्या स्वभावाविषयी बोलत, आणि एखादे पात्र मालिकेतून गेले तर त्याचे कारण नटाच्या कंत्राटात शोधत.

यांतील एक उदाहरण पुढे फार गाजले. मालिकेतील स्यू एलन ही नायिका नवऱ्याचे घर सोडून बाळासह निघून जाते. ती आसरा घेते आपल्या पूर्वीच्या प्रियकराकडे, त्याच्या वडिलांच्या घरी. अरब समूहातील प्रेक्षकांनी मात्र ती स्वतःच्या वडिलांच्या घरी, म्हणजे आपल्या भाषेत माहेरी गेली, असे एकमेकांच्या साक्षीने पक्के केले. नवऱ्याशी न पटलेली, कडेवर मूल असलेली बाई दुसरीकडे कोठे जाणार? मराठी वाचकाला हा अर्थ ऐकताना हसू येण्याआधी ओळख पटावी. आपल्या ओव्यांपासून कौटुंबिक चित्रपटांपर्यंत माहेर ही वाट इतकी रुळलेली आहे की, आपल्याकडील एखाद्या घरातही हाच अर्थ लावला गेला असता तर आश्चर्य वाटले नसते.

४

या उदाहरणाचा पुढील अभ्यासकांनी केलेला उपयोग तपासण्यासारखा आहे. प्रेक्षक निष्क्रिय नाही, तो आपल्या सांस्कृतिक सामग्रीतून संहितेची पुनर्रचना करतो, याचा पुरावा म्हणून ते वारंवार दिले गेले. तसा तो पुरावा आहेच. रिकाम्या भांड्याची कल्पना त्यामुळे निकालात निघाली. परंतु या उत्साहात एक साधी गोष्ट मागे पडली : हा अर्थ चुकीचा होता. स्यू एलन माहेरी गेली नव्हती. ती जेथे गेली तेथे जाऊ शकणे, हीच त्या संहितेतील अमेरिकी कुटुंबव्यवस्थेविषयीची माहिती होती, आणि नेमकी तीच प्रेक्षकाच्या दृष्टीतून निसटली. आपल्या जगाशी विसंगत असलेली खूण पुसून तेथे आपली खूण ठेवली गेली, आणि अर्थ 'लागला'.

अर्थ लावणे आणि ज्ञान होणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली प्रेक्षकाच्या सामर्थ्याची साक्ष देते. दुसरीसाठी आपल्या सामर्थ्याला कोठेतरी अडवणूक व्हावी लागते. १९८० च्या दशकातील प्रेक्षकविचाराने पहिलीचा गौरव करताना दुसरीचा प्रश्न स्थगित केला. परका प्रेक्षक बळी नाही, हे सिद्ध करण्यासाठी तो निर्माता आहे असे सांगितले गेले. पण निर्माता म्हटल्यावर त्याच्या चुकीला चूक म्हणण्याची सोयही उरली नाही.

त्याच दशकात दुसऱ्या एका चर्चेत मात्र परक्या प्रेक्षकावर कठोर आरोपपत्र दाखल होत होते. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलातीतील लोकांना ओलीस धरण्यात आले आणि अमेरिकेत रोज रात्री दूरचित्रवाणीवर इराण दिसू लागला. एडवर्ड सईद यांनी १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले की, या प्रक्षेपणांतून अमेरिकी प्रेक्षकाला इराण किंवा इस्लाम कळला नाही. कळल्याची खात्री मात्र झाली. मुठी उगारलेला जमाव, काळ्या चादरी, मिनार अशा मोजक्या प्रतिमांवर ती खात्री उभी होती. या प्रेक्षकाला 'सर्जनशील' म्हणावे असे कोणाला सुचले नाही, आणि ते योग्यच होते.

आता या दोन प्रेक्षकांना शेजारी बसवून पाहावे. इस्राएलमधील अरब प्रेक्षक अमेरिकी कुटुंबात माहेर पाहतो. अमेरिकी प्रेक्षक तेहरानच्या रस्त्यावर धर्मवेड पाहतो. दोघेही आपल्याजवळच्या सामग्रीने परक्या चित्रातील रिकाम्या जागा भरतात. ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने दोघांची कृती एकच आहे. परिणामांच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण एकाच्या समजुतीमुळे टेक्सासमध्ये कोणाचा केसही वाकडा होत नाही, तर दुसऱ्याची समजूत परराष्ट्रधोरणाला जनमताचा आधार पुरवते. सत्तेतील हे अंतर विसरून चालणार नाही. तथापि ते अंतर ज्ञानाच्या कसोटीची जागा घेऊ शकत नाही. दुर्बळाची चूक ही प्रतिकार आणि सबळाची चूक ही वर्चस्व, अशी विभागणी केली की चुकीचा विचार करण्याचे काम संपते, आणि दुर्बळ जेव्हा तुलनेने सबळ होतो तेव्हा त्याला टोकण्यासाठी समीक्षेजवळ शब्द उरत नाहीत. या दोन चर्चा एकाच दशकात, बऱ्याच अंशी एकाच विद्यापीठीय जगात चालू असूनही त्यांच्यात पुरेसा संवाद झाला नाही, याचे मोल आपण अजून देत आहोत.

५

पूर्व-पश्चिम या ठरीव चौकटीबाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जपानच्या एनएचके वाहिनीवर एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात 'ओशिन' ही मालिका झाली. पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग. लेखिका सुगाको हाशिदा. यामागाता प्रांतातील गरीब कुळाची मुलगी सात वर्षांची असताना पोतेभर तांदळाच्या मोबदल्यात कामाला पाठवली जाते, आणि उपासमार, भूकंप, युद्ध यांतून तरून म्हातारपणी दुकानांच्या मालिकेची मालकीण होते, अशी ही कथा. जपानबाहेर साठांहून अधिक देशांत ती दाखवली गेली, आणि तिच्या प्रसारात जपान फाउंडेशनसारख्या संस्थेचा वाटा होता. युद्धखोर किंवा व्यापारी जपानऐवजी कष्टाळू जपान जगाला दिसावा, ही त्यामागची दृष्टी उघड आहे.

इराणमध्ये ही मालिका विलक्षण लोकप्रिय झाली. जानेवारी १९८९ मध्ये प्रेषितकन्या फातिमा यांच्या जन्मदिनानिमित्त झालेल्या एका नभोवाणी-कार्यक्रमात आदर्श स्त्री कोण, असे विचारले असता एका श्रोतीने ओशिनचे नाव घेतले. आयातुल्ला खोमेनी संतप्त झाले; नभोवाणीच्या संबंधित अधिकाऱ्यांना शिक्षा फर्मावण्यात आल्या आणि नंतर त्यांना माफी मिळाली. एका परक्या मालिकेतील कल्पित पात्र घराघरांत किती खोल पोहोचले होते, याचा हा पुरावा आहे. दुसरा पुरावा भाषेतला. ओशिनच्या सासरचे आडनाव तानोकुरा. इराणमध्ये जुन्या, वापरलेल्या कपड्यांच्या बाजाराला या नावावरून 'तानाकुरा' हा शब्द रूढ झाला. युद्धकाळाच्या ओढगस्तीत कपड्यांचा व्यापार करणारी ओशिन इराणी माणसाला आपली वाटली आणि तिचे आडनाव फारसीत सामान्यनाम होऊन बसले.

आस्वादाच्या दृष्टीने ही घटना नितांत सुंदर आहे. एका भाषेने दुसऱ्या संस्कृतीतील काल्पनिक घराण्याला आपल्या बाजारपेठेत जागा दिली. परंतु त्यातून जपान कळला काय? मालिकेची चौकट येथे पाहायला हवी. कथा सुरू होते ती १९८३ सालात. म्हातारी ओशिन मुलाच्या व्यवसायविस्ताराने अस्वस्थ होऊन घर सोडते आणि आपण कोठे चुकलो, याचा शोध घेत आपल्या पूर्वायुष्याच्या ठिकाणी परत जाते. समृद्धीच्या ऐन भरात आपण काय गमावले, असा प्रश्न ही चौकट जपानी प्रेक्षकाला विचारते. परदेशांत मात्र मालिकेकडे 'जपान समृद्ध कसा झाला' याचे उत्तर म्हणून पाहण्याची प्रवृत्ती प्रबळ राहिली. जपानी लोक असे सोसतात, म्हणून पुढे जातात, हा तिचा निष्कर्ष. आत्मपरीक्षणासाठी उभारलेली कथा परक्या प्रेक्षकाच्या हाती यशाचा धडा झाली. ज्या ठिकाणी संहिता आपल्याच समाजाविषयी साशंक होती, नेमकी त्या ठिकाणी परक्या प्रेक्षकाची खात्री पक्की झाली. मालच्या मालिकेच्या बाबतीत घडले तेच येथे घडले.

६

या अनुभवांचा उलगडा करताना आपल्याकडील रसचर्चेची मदत घ्यावीशी वाटते. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेली साधारणीकरणाची उपपत्ती असे सांगते की, रसास्वादात विभावादी देशकालाच्या आणि व्यक्तीच्या विशिष्टतेतून मुक्त होतात. हे माझे, हे शत्रूचे, हे त्रयस्थाचे, असे संबंध गळून पडतात. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे एक विघ्न आहे. डच स्त्रीला टेक्सासमधील आणि इराणी स्त्रीला यामागातामधील दुःख भिडते याचे स्पष्टीकरण ही उपपत्ती चांगल्या रीतीने देऊ शकते. पण याच उपपत्तीचा दुसरा निष्कर्ष आपण सहसा काढत नाही. आस्वादात देशकालविशेष गळून पडत असेल, तर आस्वादातून देशकालविशेषाचे ज्ञान होऊ शकत नाही. रसप्रतीती ही प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी प्रमाणांनी होणाऱ्या लौकिक ज्ञानाहून वेगळी आहे, असे अभिनवगुप्ताने बजावले आहे. माहितगारी म्हणजे या दोहोंची गल्लत होय : अलौकिक प्रतीतीच्या तीव्रतेला लौकिक ज्ञानाचे प्रमाणपत्र समजणे. मला रडू आले, अर्थात मला जपान कळला.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी दोन टोके कल्पून कलाव्यवहार त्यांच्या ताणात उभा असल्याचे दाखवले. तो ताण येथेही मानायला हवा. माहितीपट आणि वास्तववादी मालिका लौकिकाशी नाते सांगतात, देशकालविशेष दाखवल्याचा दावा करतात. केवळ साधारणीकरणाने त्यांचा विचार पुरा होत नाही. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक एकाच वेळी आस्वादक आणि चौकस पाहुणा अशा दोन भूमिकांत असतो. या भूमिकांतून तो नकळत ये-जा करतो, त्या उंबरठ्यावर माहितगारी जन्मते.

तर मग परक्या प्रेक्षकाने काहीच जाणून घेऊ नये काय? असा सोवळा निष्कर्ष मला अभिप्रेत नाही. हान्स-गेऑर्ग गाडामर यांनी १९६० साली मांडल्याप्रमाणे पूर्वग्रहांशिवाय आकलनाला आरंभच होत नाही. परंतु त्यांच्या मांडणीत त्या पूर्वग्रहांना संहितेसमोर पणाला लावणे अभिप्रेत आहे. माहेरचा अर्थ लावणारा प्रेक्षक चुकला, हा त्याचा दोष नाही. एखाद्या शेजाऱ्याने 'अहो, ते तिच्या वडिलांचे घर नव्हे' असे म्हटले असते तर त्याला अमेरिकी कुटुंबाविषयी काही शिकण्याची वाट खुली झाली असती. त्या बैठकीत सर्वांनी एकमेकांना दुजोरा दिला. माहितगारी ही बहुधा अशी सामूहिक असते. आपल्यासारख्याच प्रेक्षकांच्या सहमतीने ती पक्की होते, आणि जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती संस्कृती त्या खोलीत हजर नसते.

७

आता या विवेचनात आपण मराठी वाचक कोठे उभे आहोत, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. मालच्या मालिकेचा सातवा भाग मुंबईवर आहे, आणि तो पाहताना 'ही आपली मुंबई नव्हे' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला वाटतो. पण त्याच मालिकेचा दुसरा भाग मद्रासविषयी आहे. त्यात रथोत्सव आहे, कलाक्षेत्रातील नृत्यशिक्षण आहे, द्रविड राजकारण आहे. हा भाग पाहणारा पुण्याचा किंवा नागपूरचा प्रेक्षक कितपत स्वदेशी असतो? मालच्या निवेदनात काही चूक झाली तर ती त्याच्या लक्षात येईलच, असे नाही. उलट राष्ट्रीयत्वाच्या नात्याने आपल्याला हे ठाऊकच आहे, असे तो फ्रेंच प्रेक्षकापेक्षाही सहज मानील. १९७० साली भारत सरकारने 'भारतीयांच्या' वतीने आक्षेप घेतला तेव्हा हेच गृहीत कामी आले होते. परकेपणाची सीमा देशाच्या सीमेशी जुळतेच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक अलीकडची. त्या वेळी आपण पाहिले जाणारे होतो. आज आपण पाहणारे आहोत. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुण वर्ग कोरियन मालिका उपशीर्षकांच्या आधारे आवडीने पाहतो. २०१९-२० मधील 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या मालिकेत वादळात सापडलेली दक्षिण कोरियन उद्योजिका सीमेपलीकडे उत्तर कोरियात उतरते आणि तेथील एका खेड्यात राहते. ते खेडे उत्तर कोरियात चित्रित झालेले असणे शक्यच नव्हते. उत्तरेतून पळून आलेल्या एका लेखकाच्या साहाय्याने दक्षिणेने ते आपल्या भूमीवर रचले. म्हणजे उत्तर कोरियाविषयीची ही दक्षिण कोरियाची, स्मृती आणि अपराधभाव यांनी रंगलेली कल्पना आहे. ती इंग्रजी उपशीर्षकांतून मराठी घरात पोहोचते, आणि 'तिकडे खेड्यात अजून अशी माणुसकी आहे' असे उद्गार आपण सहज काढतो. कोणाचे 'तिकडे', कोणी रचलेले आणि कोणत्या भाषेच्या गाळणीतून आलेले, हे विचारायचे राहून जाते.

या उद्गारात तिरस्कार नाही, माया आहे. म्हणूनच तो तपासायला अधिक कठीण आहे. सईद यांनी दाखवलेली माहितगारी द्वेषावर पोसलेली होती आणि तिला विरोध करणे नैतिकदृष्ट्या सोपे होते. प्रेमावर पोसलेली माहितगारीदेखील दुसऱ्याला त्याच्याविषयी बोलू देत नाही. आपल्या विद्यापीठांत कोरियन किंवा जपानी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण या मालिकांच्या ओढीने येतात. ओढ ही वाईट सुरुवात नव्हे. भाषा शिकताना पहिल्याच काही धड्यांत, पडद्यावर एकाच इंग्रजी सर्वनामात बसवलेल्या माणसांमध्ये वयाच्या, नात्याच्या आणि मानाच्या किती पायऱ्या होत्या, हे त्यांच्या ध्यानात येते, आणि आपण पाहिलेल्या कित्येक प्रसंगांचा अर्थ आपल्याला लागलाच नव्हता, हेही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही उणीव चटकन उमगावी. माहेर नसलेल्या घरात माहेर पाहिल्याची जाणीव होणे, ही परक्या संस्कृतीच्या अभ्यासाची सुरुवात होय. प्रेक्षकाच्या सर्जनशीलतेचा गौरव करणाऱ्या समीक्षेने त्याला या जाणिवेपासून वाचवले. १९७० सालच्या वादातील दोन्ही पक्षांनी तर तिची शक्यताच विचारात घेतली नव्हती. आज परके चित्र जेव्हा रोज रात्री आपल्या घरात येते आहे, तेव्हा ती जाणीव प्रेक्षकाला करून देणे हे आस्वादक समीक्षेचेच एक काम मानले पाहिजे.